बाबा म्हणतात, "काही नाही गं, झोप येत नाही एवढंच." कसं बोलावं त्यांच्याशी?

रानजाई | रविवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

माझे बाबा ६४ वर्षांचे. आईबरोबर मिरजेला असतात. सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड सांगणारा माणूस. मी पुण्याला असते.

गणपतीत घरी गेले तेव्हा आईने रद्दी बांधायला बसवलं. बाबा रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, निळ्या बॉलपेनने. शब्द अडला की मला फोन. गठ्ठा बांधता बांधता लक्षात आलं की जूनच्या मध्यापासून एकही कोडं भरलेलं नाही. त्याआधीची अर्धीमुर्धी भरलेली. एकात पहिलाच आडवा शब्द लिहून इतका गिरवून खोडलाय की कागद फाटलाय. ऑगस्टमधल्या पेपरांची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला फोन येत नव्हते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

जेवणात लक्ष नाही. पहाटे साडेतीनला उठून गॅलरीत बसून राहतात. छातीत धडधडतंय म्हणून वर्षात दोनदा ईसीजी झाला, दोन्ही वेळा नॉर्मल. काय होतंय विचारलं की, "काही नाही गं, झोप येत नाही एवढंच." परवा फोनवर म्हणाले, "आता माझं काय राहिलंय, तुमचं सगळं मार्गी लागलं." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आई म्हणते, रिटायर माणूस असाच होतो. मी एकदा धीर करून "बाबा, डिप्रेशन तर नाही ना?" म्हटलं, तर "मला काय वेड लागलंय?" म्हणाले आणि दोन दिवस अबोला.

हे नुसतं वय आहे की आणखी काही, कसं ओळखायचं? आणि बोलायचं कसं?

---

सुनील_करवीर | रविवार, सकाळी ११:१५

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या आईचं दोन वर्षं "पित्त" चाललं होतं. काढे झाले, पथ्यं झाली, एंडोस्कोपीसुद्धा झाली. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगून तिला एकटीलाच विचारलं, "वहिनी, रडू येतं का?" ती अर्धा तास रडत होती. आम्ही तिघं भाऊ बाहेर बाकावर.

---

जुना_खांब | रविवार, दुपारी १२:०५

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव दिलं की माणूस खचतो. आमचे आजोबा-पणजोबा काय कमी हालात जगले? त्यांना कुणी समुपदेशन दिलं नव्हतं. माणसं होती, शेत होतं, देऊळ होतं. बाबांना चार महिने पुण्याला आणा, नातवंडांत रमवा. गोळ्यांच्या नादी लावू नका, एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत.

---

पाटलीणबाई | रविवार, दुपारी १:३०

जुना_खांब, माणसं हवीत हे शंभर टक्के मान्य. पण पूर्वी हे नव्हतं, हे मान्य नाही. होतं, पण त्याला दुसरी नावं होती.

माझी धाकटी आत्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर माहेरी आली होती, मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बाळ पाळण्यात रडतंय आणि ही शेजारी बसून त्याचं दुपटं घडी करतेय. घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी. आजी ओरडली की दचकून बाळाला घ्यायची आणि भिंतीकडे बघत पाजायची. सगळे म्हणाले, "बाहेरचं झालंय." लिंबू उतरवले, अंगारा झाला, एका ठिकाणी तीन अमावास्या नेऊन बसवली. बाळंतपणानंतर असं नैराश्य येऊ शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं हे मला माझ्या बाळंतपणात एका नर्सबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मला आत्याचं दुपटं आठवलं. तोवर ती आमच्यात नव्हती.

माणसं होती, शेत होतं, देऊळही होतं. तिला काय होतंय, हे मात्र एकानेही तिला विचारलं नाही.

---

केसपेपर | रविवार, दुपारी ४:२०

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून १७ वर्षं काम करतोय. रानजाई ताई, आधी घाईचं सांगतो.

"आता माझं काय राहिलंय" हे वाक्य हलकं घेऊ नका. असं बोलणारा प्रत्येक जण टोकाचा विचार करत असतो असं नाही, पण झोप, भूक आणि आवड तिन्ही गेलेली असताना हे वाक्य आलं तर पुढच्या सुट्टीची वाट बघायची नाही. आईंना आजच सांगा की त्यांना फार वेळ एकटं ठेवू नका. तुम्ही एक-दोन दिवसांत जाऊ शकाल का?

आता ओळखायचं कसं. आमच्याकडे येणारा माणूस क्वचितच "मी उदास आहे" म्हणतो. तो म्हणतो: करमत नाही. गोड लागत नाही. डोकं जड झालंय. जीव घाबरा होतो. हातापायातलं बळ गेलंय. मन उदास झालेलं माणूस शरीराच्या तोंडून सांगतो, म्हणून आधी ईसीजी होतो, सोनोग्राफी होते आणि आम्ही सगळ्यात शेवटी. ढोबळ खूण अशी धरा: दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, मन खिन्न आहे किंवा पूर्वी ज्यात रस होता त्यात तो उरलेला नाही. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, पहाटे फार लवकर जाग येणं, भूक मरणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटणं. तुमच्या रद्दीच्या गठ्ठ्यात यातलं बरंच दिसलं तुम्हाला. जूनमध्ये लक्षात आलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

थायरॉइड, बी-१२, साखर या तपासण्या जरूर करा. थायरॉइड कमी असलं तरी माणूस असा मलूल होतो.

बोलताना "डिप्रेशन" हा शब्द बाजूलाच ठेवा. ते ज्या शब्दाने सांगतात तोच धरा. ते झोपेबद्दल बोलतात ना? मग "पहाटे जाग आली की मनात काय काय येतं, बाबा?" इथून सुरुवात करा. समोरासमोर बसवून विचारलं तर चौकशी वाटते. शेंगा सोलताना, चालताना, काहीतरी दुरुस्त करताना विचारा. ते गप्प बसले तर ती शांतता तुम्ही भरू नका.

आणि एक प्रश्न सरळ विचारायचा: "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हे विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलेल्या विचाराला बाहेर यायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, शपथा घालणं नको. सोबत थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टेलिमानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करायला हवा असं नाही. "माझ्या बाबांशी कसं बोलू" हे विचारायलाही करा.

---

निळी_छत्री | रविवार, रात्री ९:१०

केसपेपर यांच्याशी सहमत. मी स्वतः यातून गेलोय म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंजवडीत नोकरी, घराचा हप्ता, वरून सगळं व्यवस्थित. मला आंघोळ करणं जमेना. आळस नव्हता तो. बादली भरलेली असायची आणि मी तिच्याकडे बघत स्टुलावर बसून राहायचो. फोनवर आई, सासरे, मॅनेजर सगळे एकच सांगायचे: पॉझिटिव्ह विचार कर. ते ऐकलं की वाटायचं, विचारसुद्धा आपल्याला नीट करता येत नाहीत.

उपयोग झाला तो एका मित्राचा. रविवारी आला. खोलीचा अवतार बघितला, काही बोलला नाही. "केस वाढलेत तुझे, माझेही वाढलेत, चल," म्हणाला. सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीत बसला. मानेवर वस्तरा चालत असताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मी तुझ्यासाठी डॉक्टरची वेळ घेतलीय. मी येतोय बरोबर." बस. मला ठरवायला काही ठेवलंच नाही, त्यामुळे मी गेलो.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून हातात दिली, एक शब्द ऐकून घेतला नाही. तिथेच मी सोडून दिलं असतं. मित्राने दुसरे शोधले. त्यामुळे रानजाई, पहिल्या ठिकाणी नाही पटलं तर दुसरीकडे जा, पण जाणं थांबवू नका.

एक माहिती: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा असतो. पॉलिसी काढून बघा.

---

वऱ्हाडचा_वारा | सोमवार, सकाळी ६:५०

आमच्याकडे म्हणतात, "जीव लागून नाही राह्यला." हे ऐकलं की आता मी थांबतो. आधी थांबत नव्हतो.

यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती. माझा सोबती रोज संध्याकाळी पारावर यायचा, शेवटी शेवटी आला तरी बोलत नव्हता. कर्जाचं सगळ्यांचंच होतं, म्हणून आम्ही त्याला कर्जाबद्दलच विचारायचो. बँकेचं काय झालं, विम्याचं काय झालं. तुझं काय चाललंय, हे नाही विचारलं. एक दिवस त्याने मला त्याचा चांगला विळा देऊन टाकला, "ठेव तुले, मले काय करायचा." मी खुशीत घरी आणला. तो विळा अजून माझ्या गोठ्यात टांगला आहे.

आवडीची वस्तू कोणी उगाच देऊन टाकत असेल तर लक्ष द्या, एवढंच सांगायला लिहितो. आणि ज्याच्या घरात अशी काळजी आहे त्याने फवारणीची औषधं घरात ठेवू नये, दुसऱ्याकडे कुलपात ठेवावी. आमच्या गावात आता आम्ही तसं करतो.

---

केसपेपर | सोमवार, सकाळी ८:०५

वऱ्हाडचा_वारा दादा, हे लिहायला किती जड गेलं असेल ते कळतंय. मोकळेपणाने लिहिलंत, आभार. औषधं कुलपात ठेवण्याचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा टळला तरी माणूस वाचतो.

इथले वाचक शहरातले असतील तर त्यांनी हा फक्त शेतकऱ्यांचा प्रश्न समजू नये. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. देशभरातल्या नोंदींत दर दहांपैकी सात पुरुष. आणि ओपीडीत उपचारांना आपणहून येणाऱ्यांत मला बायका जास्त दिसतात.

---

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ११:३०

गोंयांत आमच्या घरात "म्हाका बरें दिसना" असं म्हणायचे. त्यात ताप पण आला आणि उदासपण पण आलं, त्यामुळे सांगणाऱ्याला लाज वाटत नाही. मला तो शब्द फार आवडतो.

गोव्यात बांबोळीला मानसोपचाराचं मोठं रुग्णालय आहे, पण "बांबोळी" म्हटलं की अजून लोक हळू आवाजात बोलतात. म्हणून मला संगाथ या संस्थेचं काम महत्त्वाचं वाटतं. १९९६ पासून गोव्यात आहे. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं. सहा ते आठ भेटी, नैराश्य असलेल्या माणसाशी बोलणं आणि त्याला बंद पडलेली छोटी छोटी कामं परत सुरू करायला मदत करणं. याचा नीट अभ्यास झाला, फायदा दिसला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. म्हणजे ऐकून घेणं शिकता येतं.

ठाण्याच्या आयपीएचचं काम तर बहुतेकांना माहीत असेल. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था.

---

शब्दवेडी | सोमवार, दुपारी ३:००

थोडं अवांतर. आमचे अप्पाही कोडंवाले. "पक्षी, तीन अक्षरी" आलं की घरभर ओरडा व्हायचा, कोण "चिमणी", कोण "बगळा", कोण "कोकीळ". उत्तर कधी कधी "गरुड" निघायचं आणि अप्पा म्हणायचे, "छापणाऱ्यानं टोपी घातली!" त्यांचे शेवटचे कोडेवाले पेपर मी जपून ठेवलेत. रानजाई, तुमच्या बाबांनी मला एकदा तरी सात अक्षरी शब्दावर हरवावं, अशी फार इच्छा आहे.

---

आयर्लंडची_शीतल | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी डब्लिनहून रोज फोन करते. जेवलात का, पाऊस आहे का, गॅस आला का. अकरा वर्षं हेच तीन प्रश्न. हा धागा वाचून काल पहिल्यांदा विचारलं, "आई, दुपारी सगळे बाहेर गेले की तू काय करतेस?" ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते." काल पाऊण तास बोललो आम्ही.

---

जुना_खांब | सोमवार, रात्री १०:२०

पाटलीणबाई, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. "विचारलं नाही" हे मान्य करतो. गोळ्यांबद्दल माझी शंका मात्र तशीच आहे. माझा मेहुणा पंधरा वर्षं झोपेची गोळी घेतोय, त्याच्याशिवाय डोळा लागत नाही त्याचा.

---

केसपेपर | मंगळवार, सकाळी ७:३०

शंका रास्त आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्या थोड्या दिवसांपुरत्याच आणि देखरेखीखाली घ्यायच्या असतात. तुमच्या मेहुण्यांनीही परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्या. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची नशा होत नाही, त्यांची तलफ येत नाही. बऱ्याच जणांच्या काही महिन्यांनंतर टप्प्याटप्प्याने बंद होतात. काहींना जास्त काळ लागतात, रक्तदाबाच्या लागतात तशा. आणि सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही, सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो.

---

रानजाई | पुढचा मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, लिहायला वेळ झाला.

केसपेपर दादांचं वाचून दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि मंगळवारी रात्री मिरजेला पोचले. रात्री गच्चीवरून १४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या त्यांच्या हाताला येणारं काही काम काढा आणि शेजारी बसा."

आमच्याकडे माझी कॉलेजची जुनी स्कूटी धूळ खात पडली आहे. सकाळी बाबांना म्हटलं, चालू होत नाहीये. त्यांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग पाना आणला. प्लग काढून उजेडात धरला, "काळा पडलाय," म्हणाले आणि पॉलिश पेपरने घासायला लागले. मी चिंधी धरून शेजारी. तेव्हा विचारलं, "पहाटे उठता तेव्हा काय मनात येतं, बाबा?"

घासणं थांबलं नाही. खूप वेळाने म्हणाले, "वाटतं, आज उजाडलं नसतं तर बरं झालं असतं."

मी तो दुसरा प्रश्नही विचारला. माझा आवाज थरथरत होता. ते म्हणाले, "मनात येतं कधी. करणार नाही काही. पण नको झालंय गं." मग प्लग परत बसवला, हात पुसले आणि रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता, लहानपणी वर्कशॉपमधून आले की यायचा तसा.

मी म्हटलं, माझ्यासाठी एकदा डॉक्टरांकडे चला. आईला मीच सांगतो म्हणाले आणि खरंच आत जाऊन त्यांनीच सांगितलं. त्याच दुपारी डॉक्टरांशी फोनवर बोललो, गुरुवारी सकाळी ओपीडीत गेलो.

रांगेत ते मान खाली घालून बसले होते, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. आणि भेटलंच. त्यांच्याच डेपोतले एक जुने कंडक्टरकाका, हातात केसपेपर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही फरशीकडे बघायला लागले. मग काका म्हणाले, "कितवा नंबर?" बाबा म्हणाले, "चौतीस. तुझा?" "एकतीस." त्यानंतर तासभर कुठल्या घाटात कुठली गाडी बंद पडली होती, याच्या गप्पा.

डॉक्टर बाबांशी एकटे बोलले, नंतर मला बोलावलं. थायरॉइडचा रिपोर्ट चांगला आला. एक गोळी सुरू आहे, आज पाचवा दिवस. पण त्यांना मळमळतंय आणि "फरक काहीच नाही, बंद करतो" म्हणताहेत. काय करू?

---

निळी_छत्री | मंगळवार, रात्री १०:१०

बंद करू देऊ नका. मलाही पहिला आठवडा मळमळ होती, नंतर गेली. जेवणानंतर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

---

केसपेपर | मंगळवार, रात्री १०:४०

ताई, फार चांगलं केलंत. फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोळी लागू पडली नाही असं वाटून माणूस सोडून देतो. मळमळीचं उद्याच ओपीडीत फोन करून सांगा. मधल्या काळात पहाटेचा त्रास वाढला, बेचैनी वाढली किंवा पुन्हा तसं काही बोलले तर तारखेची वाट बघू नका, सरळ घेऊन या. आणि पुढच्या वेळी आईंनाही आत न्या, दिवसभर त्याच त्यांच्याजवळ असतात.

---

जुना_खांब | मंगळवार, रात्री ११:०५

रानजाई, बाबांना माझा नमस्कार सांगा. केसपेपर, मेहुण्याबद्दल तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, सवडीने बघा.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ८:१५

सांगते, काका. दादा, फोन केला, नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलीय. पुढची तारीख २४ ची आहे. आई येतेय. कंडक्टरकाकांचीही तीच तारीख आहे, बाबा त्यांना घ्यायला स्कूटीवरून जाणार म्हणताहेत.